आधी पिस्टन, मग बोअर: जुन्या आरएक्स १००चं इंजिन कमी पैशात बांधताना

आपल्याकडे मातीत उडवायची गाडी म्हटलं की अजूनही पहिलं नाव निघतं ते यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १००चं. परदेशी डर्ट बाइक परवडत नाही आणि परवडली तरी तिच्या एका गॅस्केटसाठी महिना-महिना वाट बघावी लागते. आरएक्स १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली, पण तिचा पिस्टन, रिंगा, रॉड किट आजही तालुक्याच्या पार्टच्या दुकानात मिळून जातं. पन्नास मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), पन्नासच मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ९८ सीसी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, रेडिएटर नाही. पहिल्यांदा इंजिन खोलणाऱ्याला यापेक्षा सोपं इंजिन मिळायचं नाही.

मी मेकॅनिक नाही. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, ही इंजिनं शनिवार-रविवारची. आजवर चार बांधली, त्यातलं पहिलं दोनदा बांधावं लागलं. त्यातून एवढं कळलं, की टू-स्ट्रोकमध्ये पैसे तीनच जागी घालायचे: बोअर, क्रँक (पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारा दांडा) आणि ऑइल सील (क्रँकच्या टोकांना हवा आणि ऑइल अडवणारी रबरी कडी). या तिन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून नवखा माणूस नेमकी तिथेच काटकसर करतो आणि सायलेन्सर, रंग, स्टिकर यांवर उधळतो. उलट करा. खोलणं, धुणं, पॅकिंग खरवडणं, हे सगळं मजुरीचं काम घरी करा आणि वाचलेले पैसे लेथवाल्याला द्या.

आधी कागद

गाडी किंवा सुटं इंजिन विकत घेणार असाल तर इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. नंबरावर घासल्याच्या खुणा दिसल्या, किंवा पंचिंग वेडंवाकडं वाटलं, तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे आता कुठलीही आरएक्स कितीतरी आधी त्या मुदतीच्या पलीकडे गेलेली आहे. रस्त्यावर न्यायची असेल तर हा खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा.

खोलायच्या आधी गाडीचं ऐका

इंजिन चालू होत असेल तर खोलायची घाई नको. एक संध्याकाळ तिच्यासोबत बसा. काय बिघडलंय ते ती बऱ्यापैकी सांगते.

थंड इंजिनवर वरच्या अंगाला खडखड येते आणि तापल्यावर कमी होते, तर पिस्टन ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये, सैल झालाय. खालून घुमणारी टकटक येते आणि रेस दिली की वाढते, तर रॉडचं, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं, खालचं बेअरिंग. गिअरबॉक्सचं ऑइल आपोआप कमी होतंय, बाहेर कुठे थेंब नाही आणि धूर मात्र ढगासारखा, तर क्लचकडचं क्रँक सील गेलंय. इंजिन ते ऑइल आत ओढून जाळतंय. आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली यायला वेळ घेते, कधी आपोआप चढते, तर मॅग्नेटकडच्या (क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या चुंबकी चाकाकडच्या) सीलमधून किंवा कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमधून हवा शिरतेय. हे शेवटचं लक्षण सगळ्यात घातक. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबतच ऑइल येतं. दोन्ही कमी पडली की पिस्टन धरतो, म्हणजे ब्लॉकमध्ये जाम होतो. नवा पिस्टन, नवा बोअर करून आठवड्यात गाडी सीज झाल्याच्या ज्या कहाण्या ऐकता, त्यातल्या बऱ्याच कहाण्यांमागे जुनंच ठेवलेलं सील असतं.

हाफ की फुल

गॅरेजच्या भाषेत इंजिनाचं काम दोन प्रकारचं. हाफ इंजिन म्हणजे हेड आणि ब्लॉक उतरवून पिस्टन, रिंगा, बोअर, वरचं नीडल बेअरिंग. फुल इंजिन म्हणजे केस (क्रँकभोवतीचं दोन भागांचं कवच) फोडून क्रँक, बेअरिंग, सील सगळं. खर्चात मोठा फरक, त्यामुळे निर्णय ब्लॉक उतरवल्यावर घ्या.

ब्लॉक काढला की रॉड सगळ्यात वर येईल असं मॅग्नेट फिरवा. रॉड दोन बोटांत घट्ट धरून सरळ वर-खाली ओढा, ढकला. डावी-उजवीकडे थोडी हलली तर चालतं, ती असायलाच हवी. पण वर-खाली केसभरही टक् जाणवली तर फुल काम करा. इथे मनाची समजूत घालू नका. गाडी वर्षानुवर्षं पावसात उभी होती, किंवा केसच्या तळाशी गंजाचा तांबूस चिखल दिसला, तर रॉड ठीक वाटली तरी फुल कामच.

हत्यारं

नेहमीचे पाने, बॉक्स पाने, टी-पाना, सरक्लिप प्लायर हे असतंच. त्यात तीन गोष्टींची भर हवी. आरएक्सचा मॅग्नेट पुलर, ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती). पुलरशिवाय मॅग्नेटला हात लावू नका. कडेवर हातोडी मारून ते सुटतं, पण आतले रिव्हेट ढिले होतात आणि क्रँकही वाकडा होतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर यासाठी की केसचे फुलीचे स्क्रू तीस वर्षं हललेले नसतात. साध्या पेचकसाने त्यांची तोंडं खराब होतात आणि मग ड्रिल करत बसावं लागतं. हे सगळं नवं घ्यायची गरज नाही. पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरलात तर चांगली जुनी हत्यारं सापडतात. फिलर गेज मात्र नवा घ्या, त्याच्या पात्यांवरच पुढचं सगळं मोजमाप आहे.

आणि अंड्यांचे दोन-तीन पुठ्ठ्याचे ट्रे. नटबोल्ट, वॉशर, शिम काढाल त्या क्रमाने खणात ठेवायचे. केसच्या स्क्रूंसाठी दुसरी युक्ती: पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि जो स्क्रू जिथला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. स्क्रूंच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला की केस फुटते.

खोलणं

आधी बाहेरून धुवा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल आणि ब्रश, वर साबणाचं पाणी. इंजिन फ्रेममध्ये असतानाच क्लचचा आणि मॅग्नेटचा नट सैल करून घ्या, फ्रेम धरून ठेवते. टेबलावर तेच इंजिन तुमच्यासोबत गोल फिरतं. मॅग्नेटखालची कॉइल प्लेट काढण्यापूर्वी प्लेट आणि केस दोन्हींवर मिळून एक रेघ मारा. जोडताना रेघेला रेघ लागली की टायमिंग होतं तिथे परत आलं. मॅग्नेटची अर्धचंद्र चावी बघा. ती कापली गेली असेल किंवा तिच्यावर पायरी पडली असेल तर नवी.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. केबल, नळ्या, वायरचे रंग. आत्ता वाटतं लक्षात राहील. मधे बहिणीचं लग्न येतं, पाऊस येतो, आणि तीन महिन्यांनी ट्रेमधलं एक वॉशर हातात धरून आपण छताकडे बघत बसतो.

बोअर मोजायची गरिबांची पद्धत

बोअर गेज आपल्याकडे नसतो. तरी लेथवाल्याकडे जायच्या आधी ब्लॉकची अवस्था कळायला हवी. एक रिंग घ्या, ब्लॉकच्या अगदी खालच्या भागात, पोर्टच्या (भिंतीतल्या भोकांच्या) खाली सरकवा आणि पिस्टनच्या टाळूने ढकलून सरळ करा. त्या पट्ट्यात रिंग एरवी पोचत नाही, म्हणजे झीज जवळजवळ नाही. रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर आणा, वरच्या काठाच्या सेंटीमीटरभर खाली, आणि पुन्हा मोजा.

समजा खाली फट ०.३० मिमी आली आणि वर ०.५५. फरक ०.२५. त्याला ३.१४ने भागा. आले ०.०८ मिमी. बोअर वर तेवढा फाकलाय. शाळेतला परिघाचा नियम तो हाच: व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट परिघ वाढतो, आणि तो वाढलेला परिघ आपल्याला फटीत दिसतो. ०.०५च्या वर गेलं की नुसत्या रिंगा बदलून उपयोग नाही, बोअर करावाच लागेल, म्हणजे लेथवर सिलिंडर आतून कापून थोडा मोठा. बोट फिरवून उभे ओरखडे नखाला लागत असतील तर मोजायचीही गरज नाही.

लेथवर

इथे माझी फजिती सांगतो. पहिल्या वेळी मी एका वर्कशॉपात ब्लॉक टाकला आणि सांगितलं, पन्नास पॉइंटचा, म्हणजे ०.५० मिमीने मोठा, बोअर करून ठेवा. त्यांनी केला. नंतर मी पिस्टन आणला. पिस्टनवर ५० छापलेलं, ब्लॉक ५०चा, मग काय अडचण? गाडी साठ किलोमीटर चालली आणि चढावर धरली.

दुसऱ्या वेळी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ब्लॉक हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "पिस्टन कुठाय?"

"आणतो की नंतर."

"मग माप कशाचं घेऊ, तुझ्या तोंडाचं?"

ब्लॉक परत माझ्या हातात. मी पिस्टन घेऊन गेल्यावरच त्यांनी मायक्रोमीटर काढला. पिस्टनचा व्यास खाली, पिनच्या आडव्या दिशेने मोजला, आकडा खडूने ब्लॉकवर लिहिला आणि म्हणाले, आता ये उद्या. एकाच छापाच्या दोन पिस्टनांत शतांशाचा फरक असू शकतो, आणि आपली सगळी गंमत चार शतांशात आहे. आरएक्सला पिस्टन आणि भिंतीमधलं अंतर साधारण ०.०४ मिमी, म्हणजे चाळीस मायक्रॉन लागतं. कमी झालं तर धरतो, जास्त झालं तर खडखडतो. त्यामुळे आधी पिस्टन, मग बोअर.

ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे पायरीपायरीने मिळतात. ज्या सगळ्यात लहान मापात ओरखडे साफ निघतात तेच माप घ्या. थेट १.०० घेतला म्हणून ताकद वाढत नाही. ५१ मिमी बोअरला हिशोब जेमतेम १०२ सीसीवर जातो, आणि पुढच्या बोअरची जागा मात्र संपते. मग नवी स्लीव्ह ठोकणं आलं, ते महाग.

बोअर करून आणलेला ब्लॉक तसाच बसवू नका. पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार झालेल्या असतात आणि रिंग त्यांत अडकून तुटते. मिस्त्रींना कडा मारायला सांगा, नाहीतर बारीक ऑइलस्टोनने स्वतः हलक्या हाताने मारा. नंतर ब्लॉक गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने घासा. पेट्रोलने होनिंगची (बोअरनंतर दगडाने भिंत घासण्याची) खर निघत नाही, ती घासण्याच्या बारीक रेघांच्या जाळीत बसून राहते. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, लगेच पुसून २टी ऑइलचा हात फिरवायचा. पाच मिनिटं विसरलात तर तांबूस गंज चढलेला दिसेल.

क्रँक

हे काम घरी होत नाही. रॉड किटमध्ये रॉड, क्रँक पिन, नीडल केज आणि वॉशर येतात. क्रँक प्रेसवर उघडून पिन बदलतात आणि मग ट्रू करतात. ट्रू करणं हेच खरं कसब. दोन सेंटरमध्ये क्रँक धरून डायल (वाकडेपणा मोजायचं काट्याचं गेज) लावला की काटा ०.०३ मिमीच्या आत डोलला पाहिजे. तुमच्यासमोर डायल लावून दाखवायला सांगा. जो दाखवायला का-कू करतो त्याच्याकडून क्रँक उचला.

बेअरिंग घेताना जुन्याच्या कडेवरचा नंबर उतरवून घ्या, आणि सी३ क्लिअरन्सचंच (आतली फट थोडी जास्त असलेलं) मागा. नावाजलेल्या कंपनीचं खोकं बघून फसू नका. खात्रीच्या दुकानातून घ्या, पन्नास-शंभर जास्त गेले तर जाऊ द्या.

बांधणं

बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, पिशवीत घालून. घरच्यांची परवानगी हा ज्याचा त्याचा प्रश्न. सकाळी धुतलेली केस तव्यासारखी गरम करा, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडेल इतपत, त्याहून जास्त नाही. गार बेअरिंग गरम केसमध्ये अलगद बसतं. ज्याला हातोडी लागते ते तिरकं गेलंय. क्रँकच्या टोकावर तर हातोडी अजिबात नाही, नाहीतर ट्रू करायला दिलेले पैसे पाण्यात.

सीलच्या ओठाला ग्रीस लावा, कोरडं सील पहिल्या मिनिटात जळतं. दोन केसच्या जोडावर अ‍ॅनाबॉन्डसारख्या सीलंटचा पातळ थर पुरतो. बाहेर जेवढा ओघळ दिसतो तेवढाच आतही गेलेला असतो, आणि तो सुटून ऑइलच्या वाटेत बसतो.

पिस्टन बसवताना केसच्या तोंडात फडकं कोंबा. सरक्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी) उडून आत गेली की सगळं पुन्हा. सरक्लिप दरवेळी नव्या, आणि त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नाही. टाळूवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. रिंगेवरचं अक्षर वर. खाचेत बारीक पिन असते, रिंगेची दोन टोकं तिच्या दोन अंगांना बसली पाहिजेत. नवखे सगळ्यात जास्त रिंगा इथेच मोडतात. रिंगा बोटांनी दाबून ब्लॉक सरळ खाली आणा. अडला तर फिरवू नका, दाबूही नका. वर घ्या, पिन बघा. हेडचे नट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. हेडचा तळ सपाट नसेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून आठाच्या आकारात घासा.

रीड व्हॉल्व्ह (कार्बोरेटर आणि इंजिनामधली पातळ पात्यांची झडप) बसवण्याआधी उजेडाकडे धरून बघा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली किंवा कोपरा उडालेला असला तर बदला.

बीपीच्या मशीनने इंजिन तपासणं

ही पायरी गॅरेजवाले सहसा करत नाहीत, वेळ नसतो. तुम्हाला आहे. आजोबांचं डायलवालं बीपीचं मशीन घ्या. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय. टू-स्ट्रोकची हवाबंद चाचणी सहा पीएसआयच्या आसपासच करतात. घरातलं मशीन याहून चांगलं असणार नाही.

एक जुना प्लग घेऊन त्याची चिनी माती फोडून काढा, पोकळ कवचात सायकलच्या व्हॉल्व्हचा तुकडा किंवा बारीक नळी घालून एम-सीलने बुजवा. झाला अडॅप्टर. सायलेन्सरच्या आणि मॅनिफोल्डच्या तोंडावर जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे ठेवून पट्टीने आवळा. ऑइल पंपाकडून येणारी नळीही बंद करा. पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे सिलिंडर आणि केस एकमेकांना जोडलेली राहतात. आता फुगा दाबत काटा ३०० वर न्या आणि घड्याळ लावा.

काटा पाच-सहा मिनिटं जवळजवळ तिथेच उभा राहिला तर उत्तम. मिनिटाला पन्नासच्या वर घसरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी मारत चला: ब्लॉकचा तळ, केसचा जोड, मॅग्नेटकडचं सील. क्लचकडचं सील डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या तोंडावर साबणाचा पापुद्रा धरा, फुगला तर हवा तिथून जातेय. माझ्या तिसऱ्या इंजिनात मॅग्नेटच्या सीलखाली मोहरीएवढा एक फुगा धरायचा, फुटायचा, पुन्हा धरायचा. बाहेरून सगळं नवं कोरं दिसत होतं. सील काढलं तर ओठाला बसवताना लागलेली चीर.

पेट्रोल, ऑइल आणि पहिली किक

कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तारेने टोकरू नका, फुंका किंवा हवेने मारा. आता पंपावर इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याचे दोन परिणाम. जुने रबर फुगतात, म्हणून पेट्रोलची नळी, फ्लोट नीडल, ओ-रिंग नवे. आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा लावून सुरुवात करा. जाड मिश्रणाने फार तर प्लग काळा होईल.

ऑइल जॅसो एफसी किंवा एफडी दर्जाचं, डब्यावर लिहिलेलं असतं. गाडीचा ऑइल पंप ठेवणार असाल तर नळीतली हवा पूर्ण काढा, आणि पहिल्या टाकीत तरीही लिटरला २० मिली ऑइल मिसळा. पंप काढून टाकणार असाल तर लिटरला ४० मिली, मोजून. झाकणाने अंदाजे ओतणारे नंतर माझ्यासारखे चढावर उभे दिसतात.

इंजिन सुरू झालं की आनंदाने रेस मारू नका. दोन-तीन मिनिटं चालू द्या, ब्लॉकच्या पंखांना हात लावून धरवेना इतकं तापलं की बंद. पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा. मग थंड इंजिनवर हेडचे नट पुन्हा तपासा. पहिले दोन-अडीचशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे नाही, आणि एकाच वेगावरही नाही. पंप काढून पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणावर चालवत असाल तर लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून घरंगळत येऊ नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. अधूनमधून थोडा थ्रॉटल द्या.

मातीत न्यायच्या आधी एअर फिल्टरचा स्पंज धुवा, वाळवा, ऑइलमध्ये भिजवून पिळा. फिल्टर काढून टाकल्याने गाडी "मोकळी" होते असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. कोकणातल्या तांबड्या धुळीत अशी मोकळी गाडी एका मोसमात बोअर खाते.

शंभरेक किलोमीटर झाले की प्लग काढून बघा. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर जेट बरोबर. काळा ओला असेल तर जेट एक नंबर उतरवा. पांढरा फटक असेल तर गाडी तिथेच उभी करा आणि घरी ढकलत आणा, बीपीचं मशीन पुन्हा काढावं लागणार आहे.